कादंबरीचा वीट आणि साक्षीची ओढ

महाविद्यालयांत तीस वर्षें कादंबरी शिकवून ज्यानें पोट भरलें, त्यानेंच कादंबरीविषयीं तक्रार करावी हें पुष्कळांना कृतघ्नपणाचें वाटेल. परंतु ही तक्रार मीं आपण होऊन केलेली नाहीं. ती एका विद्यार्थिनीनें माझ्याकडून काढून घेतली. गेल्या पावसाळ्यांत बी. ए.च्या वर्गावर डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’विषयीं व्याख्यान चाललें होतें. तास संपतां संपतां मागच्या बाकावरील एका मुलीनें उठून विचारलें, “सर, तुम्ही स्वतः आतां कादंबऱ्या वाचतां का?” वर्ग हंसला. मीही हंसलों आणि ‘धंदाच तो, न वाचून कसें चालेल?’ असें कांहींसें बोलून वेळ मारून नेली. घरीं येतांना मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर आला, आणि अजून तो गेलेला नाहीं.

कारण खरें उत्तर ‘नाहीं’ असें होतें. गेलीं सातआठ वर्षें मी नवी कादंबरी हौसेनें विकत आणतों, पन्नाससाठ पानें वाचतों, आणि खूण घालून ती बाजूला ठेवतों. ती खूण पुढें सरकत नाहीं. मोठ्या पुरुषाचें चरित्र घेऊन लिहिलेली कादंबरी असेल, तर तिचा नायक मरणाच्या दारींही सभेंत बोलल्यासारखा बोलतो. आणि अगदीं नव्या वळणाची असेल, तर तिच्यांतला माणूस स्वतःच्या मनाच्या बोळांतून बाहेरच पडत नाहीं. उशाशीं असतात तीं पुस्तकें निराळींच : कोणाचें आत्मवृत्त, कोणाच्या आठवणी, जुना पत्रव्यवहार, एखादी बखर. प्रथम मला वाटलें, हा वयाचा परिणाम असावा. परंतु माझ्यापेक्षां पुष्कळ तरुण मंडळीही हेंच बोलूं लागली, तेव्हां हा रोग एकट्याचा नसावा अशी शंका आली. मग मराठी वाचकाचा इतिहास या दृष्टीनें चाळून पाहिला, आणि असें दिसलें कीं, हा वीट नवा नव्हे. तो आपल्याकडे पूर्वींही आलेला आहे, आणि दर वेळीं त्यांतून कांहींतरी निष्पन्न झालेलें आहे. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

मराठी कादंबरीचा जन्म कल्पनेच्या हौसेंतून झाला नाहीं, ही गोष्ट आपण बहुधा विसरतों. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. नवऱ्याबरोबर ठिकठिकाणीं फिरतांना यमुनेच्या कानांवर विधवांच्या ज्या हकीकती येतात, त्या सांगणें हेंच त्या पुस्तकाचें प्रयोजन होतें. ग्रंथकर्त्याचा धर्मप्रसाराचा हेतु त्यांत उघड आहे. तथापि ज्या स्त्रियांना स्वतःची हकीकत लिहितां येत नव्हती त्यांची हकीकत कोणीतरी लिहिली, हें त्या पुस्तकाचें मोल कमी होत नाहीं. परंतु पुढची कादंबरी या वाटेनें गेली नाहीं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं आली, तिच्यामागून रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान व ऐन वेळीं घडणारे योगायोग यांचा सुकाळ झाला. वाचक भुलला, आणि लौकरच विटलाही. १८७२ सालीं काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहून या असंभाव्य कथांचा समाचार घेतला. मराठी कादंबरीचें वय त्या वेळीं अवघें पंधरा वर्षांचें होतें! तेव्हां ‘कादंबरी आतां पूर्वीसारखी राहिली नाहीं’ ही तक्रार जवळजवळ कादंबरीइतकीच जुनी आहे असें म्हटलें, तर तें फारसें चुकणार नाहीं.

या पहिल्या विटाला उत्तर मिळालें तें हरि नारायण आपटे यांच्याकडून. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ पत्र काढलें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. तिची सर्व रचना एका गोष्टीवर उभी आहे : यमू नांवाची बाई स्वतःची हकीकत स्वतः सांगते आहे. विधवा झाल्यावर तिचें केशवपन होतें, तो प्रसंग वाचतांना ही बाई कोणी रचलेली आहे याचें भान वाचकाला उरत नाहीं. कादंबरीनें विटलेल्या वाचकाला परत मिळविलें तें कादंबरीपण मिरवून नव्हे, तर आत्मवृत्ताचा पोषाख करून.

येथें मला माझ्या व्याख्यानांतला डिफो आठवतो. १७१९ सालीं ‘रॉबिन्सन क्रूसो’ छापली, तेव्हां पहिल्या पानावर डिफोचें नांवच नव्हतें. क्रूसोनें स्वतः लिहिलेली ही हकीकत आहे असें तेथें म्हटलें होतें. १७२२ सालीं त्यानें लंडनच्या १६६५ च्या प्लेगाची ‘रोजनिशी’ लिहिली. प्लेगाच्या वेळीं तो पांचसहा वर्षांचा पोर होता. परंतु पुस्तक मात्र शहरांत राहिलेल्या एका प्रौढ व्यापाऱ्यानें लिहिल्यासारखें. म्हणजे इंग्रजी कादंबरीनेंही पहिलीं पावलें टाकलीं तीं साक्षीदाराचें सोंग घेऊनच. ज्या कलेला बाळपणापासून साक्षीदाराचे कपडे घालावे लागले, तिचा वाचक पुढें खऱ्या साक्षीदाराकडे वळला तर नवल कसलें?

आणि तो वळला. १९०७ सालीं चिंतामणराव वैद्य यांनीं ‘माझा प्रवास’ हें पुस्तक छापून काढलें. कुलाबा जिल्ह्यांतील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे कर्जानें गांजलेले भिक्षुक. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा पुष्कळ मिळेल, एवढ्या आशेनें ते १८५७ सालीं चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. १८५८ च्या वसंतांत इंग्रजांनीं झांशीला वेढा घातला, तेव्हां भटजी शहराच्या आंत होते. शहर पडल्यावर झालेली कत्तल व लूट त्यांनीं लपून राहून पाहिली. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. शेवटीं गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले आणि आईबापांना त्या गंगोदकानें स्नान घातलें. ही हकीकत त्यांनीं वैद्यांच्या सांगण्यावरून पंचवीसएक वर्षांनीं लिहून काढली.

काल्पीच्या वाटेवरील एक प्रसंग या पुस्तकांत आहे. लढाईंतून निसटलेली झांशीची राणी तहानेनें व्याकुळ होऊन एका विहिरीपाशीं येते. भटजी तेथें असतात. ते पाणी काढून देण्यास पुढें होतात. विद्वान् ब्राह्मणाला आपल्यासाठीं पाणी काढूं देणें तिला प्रशस्त वाटत नाहीं, आणि ती स्वतःच मडकें घेऊन पाणी काढते. आधुनिक कादंबरीकाराच्या हातीं हा प्रसंग लागला, तर तो राणीच्या तोंडीं निदान दोन पानांचें भाषण घालील. भटजींच्या पुस्तकांत ती थोडें बोलते, पाणी पिते आणि निघून जाते. भटजींच्या पोटांत मात्र भय कायम असतें, आणि आपण भ्यालों हें लिहायला त्यांना लाज वाटत नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासांत एक साधा नियम आहे : स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या साक्षीला वजन अधिक. भटजी आपलें भय, आपली द्रव्याची आशा, आपली फजिती सांगतात. म्हणून त्यांची झांशी आपल्याला खरी वाटते. नाना फडणिसांनीं लिहिलेलें त्रोटक आत्मचरित्र याच जातीचें आहे. पानिपताच्या वेळीं, म्हणजे १७६१ च्या जानेवारींत, नानाला अठरा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं असें नव्हे, पण एकोणिसावेंही पुरें व्हावयाचें होतें. त्या रणांतून आपण कसे पळालों, त्या धांदलींत आईची ताटातूट कशी झाली, हें त्यानें लिहिलें. आणि तारुण्यांतील आपल्या कामविकाराची कबुलीही दिली. पुढें सगळ्या मराठी राज्याचा गाडा हांकणाऱ्या पुरुषाला हें लपविणें किती सोपें होतें! चरित्रात्मक कादंबरीचा नायक अशी साक्ष स्वतःविरुद्ध देत नाहीं. कारण त्याचा लेखक त्याचा भक्त असतो. आम्ही विटतों तें कल्पिताला नव्हे. या भक्तीला विटतों.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत अशा साक्षी मराठींत एकामागून एक येत गेल्या. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं आल्या. नवऱ्याच्या इच्छेनें लिहावयास शिकणाऱ्या सुनेला घरांतल्या बायकांकडून काय सोसावें लागतें, हें त्यांत आहे. यमूच्या तोंडून वीस वर्षांपूर्वीं कल्पितांत जें ऐकलें होतें, त्याच्या शेजारचें हें खरें दालन. धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं आलें. १९३१ सालीं प्रा. ना. सी. फडके यांनीं ‘प्रतिभासाधन’ लिहून कथाकादंबरीचें तंत्र महाराष्ट्राला समजावून दिलें. तें पुस्तक विद्वत्तेचें व उपयुक्त आहे, आणि त्यांच्या सफाईदार कादंबऱ्यांनीं लाखों वाचकांना वाचनाची गोडी लाविली, हेंही खरें. परंतु त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलीं. शाळेंत न गेलेली ही बाई. तिनें तंत्राचा विचार केला असेल असें कोठेंच दिसत नाहीं. नवरा धर्मांतर करतो, संसार मोडतो, पुन्हा जोडला जातो; आणि हें सर्व ती हंसत हंसत सांगते. त्या दशकांतल्या किती कादंबऱ्या आज कोणी आपण होऊन उघडतो? ‘स्मृतिचित्रें’ मात्र आजही आईकडून मुलीकडे जातात.

येथवर आल्यावर माझी पहिली समजूत मला बदलावी लागली. मला वाटत होतें कीं, सत्य हें कल्पितापेक्षां मुळांतच सरस, म्हणून वाचक तिकडे वळतो. परंतु वरील सालें एका ओळींत मांडून पाहिलीं म्हणजे निराळेंच दिसतें. १८५७ सालीं विधवेची हकीकत पदमनजींनीं सांगितली, १८९० सालीं हरिभाऊंनीं सांगितली. कारण ती स्वतः सांगूं शकत नव्हती. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तोंड उघडलें खरें. पण त्यानंतर त्यांचें दुसरें पुस्तक आलें नाहीं, यावरूनच बोलणें किती कठीण होतें हें कळतें. कादंबरी ही त्या काळीं मुक्या पक्षकाराची वकील होती. पक्षकाराला कोर्टांत उभें राहण्याची मुभाच नसे, तेव्हां वकिलाचें भाषण आम्ही डोळ्यांत पाणी आणून ऐकलें. पुढें पक्षकार स्वतः लिहावाचावयास शिकला आणि पिंजऱ्यांत उभा राहून बोलूं लागला. त्यानंतरही वकील पूर्वीच्याच आवेशानें बोलत राहिला, तर त्याचें बोलणें पोकळ वाटणारच.

स्वातंत्र्योत्तर काळांत हेंच अधिक ठळकपणें घडलें. दलितांच्या दुःखावर सवर्ण लेखकांनीं कळवळून लिहिलेलें साहित्य मराठींत होतें. १९७८ सालीं दया पवारांचें ‘बलुतं’ आलें, १९८० सालीं लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ आलें, आणि त्या कळवळ्याचा रंग एकदम फिका पडला. ‘बलुतं’मध्यें आपल्या भूतकाळाची लाज वाटणाऱ्या माणसाची जी कबुली आहे, ती दुसऱ्या कोणाला त्याच्या वतीनें देतांच आली नसती. येथेंही नियम तोच : साक्ष स्वतःविरुद्ध आहे, म्हणून ती खरी वाटते.

मग कादंबरीचें दुकान बंद करावें काय? मीं कांहीं दिवस मनांतल्या मनांत तसा निकाल दिलाही होता. परंतु एका गोष्टीनें मला सावध केलें. ज्या ‘माझ्या प्रवासा’चे गोडवे मी वर गाइले, तें पुस्तक वैद्यांनीं जसेंच्या तसें छापलें नव्हतें. त्यांनीं भटजींची भाषा नीटनेटकी केली, कांहीं मजकूर गाळला, कांहीं फिरविला. दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून खरी संहिता प्रसिद्ध केली ती १९६६ सालीं. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्रानें ज्याला एका भिक्षुकाची अस्सल साक्ष समजून मान डोलविली, तिच्यावर एका सुशिक्षित गृहस्थाचा हात फिरलेला होता. आणि हेच वैद्य पुढें १९१४ सालीं पानिपतावर ‘दुर्दैवी रंगू’ नांवाची कादंबरी लिहिते झाले! वैद्यांना मी दोष देत नाहीं. त्यांनीं तगादा लाविला नसता तर भटजींनीं एक ओळही लिहिली नसती. परंतु ‘खरें पुस्तक’ म्हणून आपण जें हातीं घेतों, त्यालाही संपादक असतो, आठवणीची लबाडी असते, आणि छापण्यासारखें काय व न छापण्यासारखें काय याचा कोणीतरी केलेला निवाडा असतो. कादंबरी निदान आपण कादंबरी असल्याचें मुखपृष्ठावर कबूल करते. कल्पिताला विटून सत्याकडे जाणाऱ्या वाचकानें आपली शंकेखोर नजर उंबऱ्याबाहेर काढून ठेवूं नये, एवढें मी या प्रकरणापासून शिकलों.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. झांशीच्या त्या कत्तलींत जीं माणसें मेलीं, त्यांतल्या एकानेंही प्रवासवर्णन लिहिलें नाहीं. भटजी वांचले, आणि त्यांना अक्षरओळख होती, म्हणून त्यांची झांशी आपल्याजवळ आहे. ज्या बायकांनीं विहिरींत उड्या टाकल्या, वाटेंत ज्यांनीं भटजींसारख्यांचीं ओझीं वाहिलीं, त्यांची झांशी कोठें आहे? पानिपताचेंही तेंच. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यांत १७५० ते १७६१ चीं पत्रें आहेत. सरदारांचीं आहेत, कारकुनांचीं आहेत. परंतु लष्कराबरोबर गेलेल्या बाजारबुणग्यांनीं घरीं पत्रें लिहिलीं नाहींत. त्यांना लिहितां येत नव्हतें. दप्तर हें बोलक्यांचें असतें. जेथें दप्तर थांबतें तेथें साक्षीदार उरलेला नसतो, आणि तेथें आजही वकिलाची गरज आहे. त्या वकिलानें दप्तर मुळापासून वाचलेलें असावें, पक्षकाराचा भक्त असूं नये, आणि स्वतःचें भाषण ऐकून स्वतःच खूष होऊं नये, एवढीच अट.

ही अट पाळणारे लेखक आपल्याकडे झाले नाहींत असें नाहीं. १९६३ सालीं भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली, तेव्हां पांडुरंग सांगवीकर नांवाचा खेड्यांतून पुण्याला शिकावयास आलेला पोरगा स्वतःची हकीकत स्वतः सांगूं लागला, आणि मराठी कादंबरीला पुन्हा एकदां साक्षीदाराचा आवाज सांपडला. हरिभाऊंना सत्तर वर्षांपूर्वीं सांपडला होता तसाच. उलट, साक्षीच्या बाजूनें लिहिणाऱ्यांनींही कादंबरीचें काम केलें आहे. १९६७ सालीं शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि त्याच सुमारास इरावती कर्वे यांचें ‘युगान्त’ही आलें. कर्ण दोन्हींत आहे. एकींत तो तळपतो. दुसऱ्यांत तो एका समाजशास्त्रज्ञ बाईच्या समोर बसलेला, चुका केलेला माणूस आहे. माझ्या तरुणपणीं मला पहिला कर्ण आवडे. आज दुसरा आवडतो. परंतु पहिल्यानें वेड लाविलें नसतें तर दुसऱ्याच्या चुका समजून घेण्याइतका वेळ मीं त्याला दिला असता का, याचें उत्तर मला देतां येत नाहीं.

तेव्हां त्या विद्यार्थिनीला काय सांगावें? पुढच्या आठवड्यांत तास संपल्यावर मीं तिला थांबविलें आणि परवांचें माझें उत्तर खोटें होतें असें कबूल केलें. वाचत नाहीं, म्हणालों. निदान वाचून पुरी करत नाहीं. कारणही सांगितलें, तें या लेखांत आलेंच आहे. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “माझी आजी वारली, सर. तिला लिहितां येत नव्हतें. तिच्याविषयीं कोणाच्याच वहींत कांहीं नाहीं. मला तिच्यावर लिहावयाचें आहे. पण मग तें आठवणी होणार कीं कादंबरी?”

याचें उत्तर माझ्यापाशीं तयार नव्हतें. जेवढें तुला नक्की ठाऊक आहे तेवढें आधीं लिही, म्हटलें. तें संपेल तेथून पुढें काय करावयाचें तें तेव्हां पाहूं. तिनें लिहावयास आरंभ केला आहे असें ऐकतों. तें आठवणींच्या नांवानें येवो किंवा कादंबरीच्या, छापून आलें तर मी खूण न घालतां शेवटपर्यंत वाचणार आहें.